हिरव्या नकाशातला एकखांबी तंबू

डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण विभागाचा 'भारत वनस्थिती अहवाल २०२३' प्रसिद्ध झाला आणि देशभरातील बहुतेक मथळ्यांत एकच आकडा झळकला : २५.१७ टक्के. देशाच्या भौगोलिक क्षेत्राचा एवढा भाग वने आणि वृक्ष यांनी व्यापला आहे, असे तो सांगतो. चौरस किलोमीटरमध्ये मांडायचे तर एकूण क्षेत्र ८,२७,३५७. त्यांपैकी ७,१५,३४३ वनावरण आणि उरलेले वृक्षावरण. २०२१ च्या तुलनेत दोन्ही मिळून वाढ १,४४५ चौरस किलोमीटरची. त्यात प्रत्यक्ष वनावरणाचा वाटा अवघा १५६. देशाचा एक तृतीयांश भूभाग वनांखाली असावा, हे उद्दिष्ट १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने ठेवले आहे. त्यामुळे नवा अहवाल आला की आकडा त्या दिशेने किती सरकला हे पाहिले जाते, तो थोडा जरी पुढे गेला तरी समाधान व्यक्त होते आणि विषय तेथेच मिटतो.

हा आकडा खोटा नाही. तो नेमके काय मोजतो, हे मात्र समजून घेतले पाहिजे. अहवालाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षांचे वितान, म्हणजे शेंड्यांचे छत, १० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, ती जमीन वनावरणात मोडते. जमीन कोणाच्या मालकीची, तिचा कायदेशीर दर्जा काय, तिच्यावरील झाडे कोणत्या प्रजातींची, हे प्रश्न या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे अरुणाचलातील सदाहरित अरण्य, निलगिरीची व्यापारी लागवड, रबराचा मळा आणि आंब्याची बाग हे सारे एकाच बेरजेत मिळवले जाते. उपग्रहाला वरून छत दिसते. छताखाली दोनशे प्रजाती आहेत की एक, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

हवामान स्थिर असते तर ही उणीव कदाचित खपून गेली असती. आता पाऊस लहरी झाला आहे, उन्हाळे लांबत आहेत आणि समुद्र तापतो आहे. अशा काळात वनाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न 'ते किती आहे' हा राहत नाही. 'पावसाने दगा दिला त्या वर्षी ते कसे वागले आणि पुढच्या वर्षी कुठे पोहोचले' हा होतो. देशाच्या वनहिशेबात या प्रश्नाला आज रकाना नाही, आणि ज्याला रकाना नसतो त्याला निधीही मिळत नाही.

तग धरणे आणि सावरणे

शालेय भौतिकशास्त्रात स्थितिस्थापकता शिकवली जाते. ताणलेली स्प्रिंग सोडली की मूळ जागी येते. परिसंस्थांच्या बाबतीत ही कल्पना तेवढ्या साधेपणाने लागू पडत नाही, आणि त्यासाठी मराठीत दोन वेगळी क्रियापदे आधीपासून आहेत, ही सोयीची गोष्ट आहे. एक, तग धरणे : आघात झाला तरी फारसे न ढळणे. दुसरे, सावरणे : ढळल्यावर पूर्वपदावर येणे. एखादे वन दुष्काळात चांगले तग धरते, पण एकदा कोलमडले की सावरत नाही. दुसरे वन लगेच पिवळे पडते, पण पहिल्या पावसासरशी सावरते. दोन्ही गुण वेगळे आहेत आणि दोन्ही मोजता येतात.

कॅनडाचे परिस्थितिकीतज्ज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ च्या एका प्रसिद्ध लेखात यात तिसरी गोष्ट जोडली. वाटीत ठेवलेल्या गोटीची कल्पना केली तर ती सहज समजते. गोटीला हलका धक्का दिला तर ती वर चढते आणि पुन्हा तळाशी येते. किती वेळात येते, हा सावरण्याच्या वेगाचा प्रश्न. हॉलिंग यांचा प्रश्न वेगळा होता : किती मोठा धक्का बसला तर गोटी वाटीची कड ओलांडून शेजारच्या वाटीत पडेल? ती एकदा पलीकडे गेली की धक्का थांबला तरी परत येत नाही. अरण्याचे झुडपी रान होते, गवताळ प्रदेश काटेरी जंगलाखाली जातो, प्रवाळांच्या जागी शेवाळ येते. तेथे नवी व्यवस्था स्थिरावते, आणि तीही आपल्या जागी टिकाऊ असते.

भौतिकशास्त्राचे विद्यार्थी येथे एक ओळखीची गोष्ट पाहतील. वाटी जसजशी उथळ होत जाते, तसतशी त्याच धक्क्यानंतर गोटी तळाशी यायला अधिक वेळ लावू लागते. कडेलोट होण्याच्या आधी सावरणे मंदावते. परिसंस्थेचा हिरवेपणा वरवर तोच दिसत असतो. पण एका कोरड्या महिन्याचा ठसा पुढच्या महिन्यावर अधिक उरू लागतो. उपग्रहांच्या दीर्घ नोंदींत हा ठसा शोधता येतो. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने २००० ते २०२० या काळातील नोंदी याच पद्धतीने तपासल्या. उष्णकटिबंधीय, शुष्क आणि समशीतोष्ण प्रदेशांतील वनांची सावरण्याची क्षमता लक्षणीयरीत्या घटत असल्याचे त्यात आढळले. म्हणजे हिरवेपणा आणि सावरण्याची क्षमता या दोन गोष्टी एकाच दिशेने जातीलच, असे गृहीत धरता येत नाही.

पश्चिम घाटातील पुरावा

भारतापुरते बोलायचे तर या विषयावरील एक अतिशय बोलका अभ्यास २०२० मध्ये 'एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्स' या नियतकालिकात आला. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे आनंद ओसुरी आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम घाटातील नैसर्गिक वने आणि साग, निलगिरी यांसारख्या मोजक्या प्रजातींच्या लागवडी यांची तुलना केली. जमिनीवर झाडांची मोजणी झाली आणि २००० ते २०१८ या काळातील उपग्रहीय नोंदींवरून कार्बन शोषणाच्या वेगाचा अंदाज घेतला गेला.

निष्कर्षांचा पहिला भाग लागवडीच्या समर्थकांना आवडेल असा आहे. पावसाळी हंगामात लागवडींचा कार्बन शोषण्याचा सरासरी वेग नैसर्गिक वनांपेक्षा ४ ते ९ टक्के अधिक होता. अहवाल येथेच मिटला असता तर सागाची आणि निलगिरीची आणखी रोपे लावा, असा सल्ला त्यातून निघाला असता. पण कोरड्या हंगामात चित्र उलटते. तेव्हा लागवडींचा वेग वनांच्या तुलनेत २९ टक्क्यांपर्यंत कमी होता. दोन्ही हंगामांत लागवडींची कामगिरी वर्षागणिक अधिक हेलकावे खात होती आणि दुष्काळी वर्षांत ती वनांपेक्षा, विशेषतः सदाहरित वनांपेक्षा, अधिक घसरत होती. प्रजातींची संख्या जितकी जास्त, तितकी कोरड्या हंगामातील कामगिरी स्थिर, हे सूत्र वने आणि लागवडी या दोन्हींना लागू पडले. साठवलेल्या कार्बनच्या बाबतीतही लागवडी सदाहरित वनांच्या ३० ते ५० टक्के मागे होत्या. दमट पानझडी वनांशी तुलना केली तर मात्र फारसा फरक नव्हता.

हा शेवटचा तपशील प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे, कारण त्यातूनच मुद्दा स्पष्ट होतो. दमट पानझडी वन आणि सागाची लागवड यांतील कार्बनचा साठा एका दिवशी मोजला तर दोन्ही जवळपास सारखी भरतील. फरक साठ्यात दिसला नाही. तो वाईट वर्षांतील वागणुकीत दिसला. एका दिवसाचा फोटो आणि अठरा वर्षांचे चलच्चित्र यांत जे अंतर असते, तेच येथे आहे. देशाचा वनहिशेब अजून फोटोंवर चालतो.

विविधता स्थैर्य का देते?

एकाच कमावत्यावर चालणाऱ्या घराला मराठीत एकखांबी तंबू म्हणतात. खांब मजबूत असेपर्यंत तंबू दिमाखात उभा असतो. सागाचा मळा हा तसाच तंबू आहे. सर्व झाडे एका वेळी पाने गाळतात, साधारण सारख्या खोलीवरून पाणी ओढतात आणि एकाच किडीला बळी पडतात. बहुविध वनात काहींची मुळे खोल जातात, काही पाने गाळून पाणी वाचवतात, काही ऐन उन्हाळ्यात नवी पालवी काढतात. एक प्रजाती मागे पडली तर दुसरी भार उचलते.

या निरीक्षणामागे साधे गणित आहे. सोळा प्रजाती समप्रमाणात असतील आणि त्यांचे चढउतार परस्परांशी पूर्णपणे असंबद्ध असतील, तर संपूर्ण समूहाचा सापेक्ष हेलकावा एका प्रजातीच्या हेलकाव्याच्या चौथ्या हिश्शावर येतो. कारण तो संख्येच्या वर्गमुळाने घटतो. पण या सूत्राची अट महत्त्वाची आहे. चढउतार असंबद्ध असले पाहिजेत. त्यांच्यात निम्मा सहसंबंध असेल, म्हणजे सहसंबंधांक ०.५ असेल, तर त्याच सोळा प्रजातींचा एकत्रित हेलकावा चौथ्या हिश्शाऐवजी सुमारे ७३ टक्क्यांवरच अडकतो. मग सोळाच्या जागी सोळाशे प्रजाती आणल्या तरी तो ७१ टक्क्यांच्या खाली जात नाही.

हवामानबदलाचा खरा धोका या गणितात स्पष्ट दिसतो. उष्णतेची दीर्घ लाट किंवा संपूर्ण प्रदेशाला ग्रासणारा दुष्काळ हा सर्व प्रजातींवर एकाच वेळी पडणारा दाब असतो. तो सर्वांना एकाच दिशेने ढकलतो, म्हणजे सहसंबंध वाढवतो. अशा वेळी केवळ नावांची यादी लांब असून भागत नाही. त्या यादीतील प्रजाती एकाच संकटाला निरनिराळा प्रतिसाद देतात का, हे निर्णायक ठरते. दुष्काळाला सारखेच हळवे असलेले शंभर वृक्ष हे शेवटी एकाच खांबाचे शंभर तुकडे होत.

येथे एका भौतिकशास्त्रज्ञाचे स्मरण उचित ठरेल. सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून पुढे परिस्थितिकीकडे वळलेले रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये गणिताने दाखवले की घटक यादृच्छिकपणे एकमेकांना जोडलेले असतील, तर व्यवस्था जितकी मोठी आणि गुंतागुंतीची, तितकी ती अस्थिर होण्याची शक्यता अधिक. 'विविधता म्हणजे आपोआप स्थैर्य' या भाबड्या समजुतीला त्याने धक्का दिला. त्याचा अर्थ विविधता निरुपयोगी आहे असा होत नाही. अर्थ असा की अरण्य हे प्रजातींचे यादृच्छिक गाठोडे नसते. परागण करणारे कीटक, बिया वाहून नेणारे धनेश आणि उदमांजरे, मुळांभोवतीची बुरशी, यांची जी वीण दीर्घ काळात घडली आहे, तिच्यात स्थैर्याचे रहस्य आहे. मोठ्या बियांच्या कितीतरी वृक्षांचा प्रसार धनेशासारख्या मोठ्या पक्ष्यांवर अवलंबून असतो. धनेश गेला तरी ती झाडे अनेक दशके उभी राहतील, उपग्रहाला हिरवीही दिसतील. पण एखाद्या आगीनंतर किंवा वादळानंतर त्यांच्या जागी तीच झाडे पुन्हा उगवणार नाहीत. तग दिसतो, सावरणे मात्र आतून संपलेले असते.

प्रत्यक्ष प्रयोगांनीही याला आधार दिला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सीडर क्रीक येथील गवताळ वाफ्यांवर १९८८ चा तीव्र दुष्काळ कोसळला. डेव्हिड टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी १९९४ मध्ये दाखवले की अधिक प्रजातींच्या वाफ्यांनी दुष्काळात अधिक तग धरला आणि नंतर ते अधिक पूर्णपणे सावरले. पश्चिम घाटातील निष्कर्ष याच वाटेवरचे आहेत.

हिरवे वाढते, बळ घटते

हिरवेपणा आणि बळ यांची फारकत किती होऊ शकते, याची उदाहरणे देशात विखुरलेली आहेत. २०१९ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'मधील एका अभ्यासाने भारत आणि चीन हे देश जगाच्या वाढत्या हिरवेपणात आघाडीवर असल्याचे सांगितले, तेव्हा त्या बातमीचे मोठे स्वागत झाले. त्याच अभ्यासात हेही होते की भारतातील वाढीचा ८२ टक्के भाग शेतीचा आहे आणि वनांचा वाटा ४.४ टक्के. ही हिरवाई मुख्यतः सिंचन आणि खते यांच्या जोरावरील पिकांची आहे. ती मोलाची आहे. पण तिला अरण्य समजणे चूक आहे.

कच्छमधील बन्नी हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश. १९६० च्या दशकाच्या आरंभी खाऱ्या वाळवंटाचा प्रसार रोखण्यासाठी तेथे वेडी बाभूळ लावण्यात आली. मूळची अमेरिका खंडातील ही काटेरी बाभूळ दुष्काळातही हिरवी राहते, खाऱ्या जमिनीत तगते, आणि तिने आता बन्नीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला आहे. उपग्रहाच्या दृष्टीने हे यश आहे. रात्री चरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बन्नी म्हशींच्या आणि त्यांना पाळणाऱ्या मालधारी कुटुंबांच्या दृष्टीने मात्र गवत आक्रसले. या बाभळीच्या कोळशावर काहींचा रोजगार उभा राहिला, हेही खरे. पण गोटी दुसऱ्या वाटीत गेली ती गेलीच. झाड तोडले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते.

वनांच्या आत हीच कहाणी घाणेरीची आहे. बागेची शोभा म्हणून ब्रिटिशांनी आणलेले हे झुडूप. २०२० मधील एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या अधिवासक्षेत्राचा सुमारे ४० टक्के भाग त्याने ग्रासला आहे. घाणेरीखाली गवत आणि रोपे वाढत नाहीत, हरणांचा चारा घटतो आणि वाळलेली झुडपे आगीला सरपण पुरवतात. वरचे छत मात्र शाबूत असते, म्हणून वनावरणाचा आकडा हलत नाही.

सावरण्याला वेळ लागतो आणि हवामान तो वेळच हिरावून घेते, हे लक्षद्वीपच्या प्रवाळांनी सर्वांत स्पष्टपणे दाखवले आहे. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथील प्रवाळांच्या चोवीस वर्षांच्या नोंदी सांगतात की १९९८ मध्ये ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्या खाली आले. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत समुद्र तापल्याने प्रवाळ पांढरे पडले. दोन आघातांच्या मध्ये सुमारे सहा वर्षे शांततेची मिळाली, तरच प्रवाळ लक्षणीयरीत्या सावरतात, असे या अभ्यासात दिसले. पहिल्या दोन आघातांत बारा वर्षांचे अंतर होते, पुढच्या दोनांत सहाच. २०२४ मध्ये लक्षद्वीपचा समुद्र पुन्हा तापला आणि प्रवाळ पुन्हा पांढरे पडले. मधला श्वास घेण्याचा अवधी कमी होत चालला आहे. म्हणूनच सावरण्याचा वेग हा आता केवळ अभ्यासाचा विषय राहिलेला नाही. त्यावरच टिकणे किंवा संपणे अवलंबून आहे.

हिशेबाची पद्धत आणि तिची किंमत

हे सारे विज्ञान धोरणात उतरताना नेमके उलट वळण घेते. विकासप्रकल्पासाठी वनजमीन दिली की तिच्या बदल्यात पर्यायी वनीकरण करायचे आणि त्यासाठीचा पैसा २०१६ च्या कायद्याने उभारलेल्या निधीत जमा करायचा, अशी देशाची रीत आहे. ग्रेट निकोबार बेटावरील प्रकल्पासाठी १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन वळवण्यास मान्यता मिळाली आणि तिच्या बदल्यात पर्यायी वनीकरण हरियाणात करण्याचे ठरले. एकीकडे विषुववृत्तालगतचे वर्षावन, जेथील कितीतरी जीव जगात अन्यत्र सापडत नाहीत. दुसरीकडे जवळपास तीन हजार किलोमीटर दूरचा निमशुष्क प्रदेश. प्रकल्पाच्या गरजेविषयी मतभेद असू शकतात. पण हरियाणातील रोपे कितीही जगली तरी त्यांना निकोबारच्या अरण्याचा 'पर्याय' म्हणणे शास्त्रात बसत नाही. चौरस किलोमीटर हे एकच परिमाण मानले, तरच हे समीकरण जुळते.

ग्रीन क्रेडिट योजनेचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मधील कार्यपद्धतीत विरळ वन, झुडपी जमीन, पडीक जमीन अशा ठिकाणी हेक्टरी किमान १,१०० झाडे आणि प्रत्येक झाडामागे एक क्रेडिट असा हिशेब होता. तज्ज्ञांच्या टीकेनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये तो सुधारला : आता क्रेडिट पाच वर्षांनंतर, जगलेल्या झाडांवर आणि किमान ४० टक्के वितानघनता गाठली तरच मिळते. रोपे लावून विसरून जाण्याच्या प्रथेला त्यामुळे आळा बसेल आणि ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण मूळ गृहीतक तसेच आहे : जेथे झाडे कमी, तेथे उणीव.

'पडीक' हा शब्द येथे फार नुकसान करतो. महसुलाच्या दृष्टीने जे पडीक, ते निसर्गाच्या दृष्टीने बहुधा माळरान असते. लांडगा, खोकड, काळवीट, तणमोर यांचे ते घर आहे आणि तेथील गवत आपला कार्बन प्रामुख्याने मातीत, वणव्याच्या आणि कुऱ्हाडीच्या आवाक्याबाहेर साठवते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी केलेल्या मापनानुसार देशाच्या भूभागापैकी सुमारे १० टक्के क्षेत्र असे निमशुष्क, मोकळे नैसर्गिक अधिवास आहेत आणि त्यांतील ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे नाव ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की माळढोक गर्द झाडीत राहत नाही. देशात दीडशेच्या आसपासच उरलेल्या या पक्ष्याच्या माळावर ४० टक्के वितान उभे केले, तर कागदावर क्रेडिट जमा होईल आणि माळ वजा होईल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. देशाने २०३० पर्यंत २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड इतकी अतिरिक्त शोषणक्षमता वने आणि वृक्ष यांच्याद्वारे उभी करण्याचे वचन दिले आहे, त्यांपैकी २.२९ अब्ज टनांचा टप्पा गाठल्याचे २०२३ चा अहवाल सांगतो. लाकूड, जळण आणि कागदाचा लगदा यांची गरजही खरी आहे, आणि ती लागवडींनी भागवली तर नैसर्गिक वनांवरील ताण हलका होतो. हे मान्यच आहे. निलगिरी हे पीक म्हणून घ्यावे, त्याला कोणाची हरकत नसावी. हरकत त्याला अरण्य म्हणून मोजण्याला आहे. आणि कार्बनचा साठा हेच ध्येय मानले, तरी जो साठा दुष्काळात वाढायचा थांबतो आणि एका आगीत हवेत परत जातो, त्याचे मोल दीर्घकाळ टिकणाऱ्या साठ्याइतके धरणे हा साधा हिशेबी दोष आहे. बँकसुद्धा कर्ज देताना केवळ उत्पन्न पाहत नाही, उत्पन्नाची शाश्वतीही पाहते.

तीन रकाने

मागणी मोठी नाही. पुढच्या वनस्थिती अहवालात तीन रकाने वाढावेत.

१) नैसर्गिक वन आणि लागवड यांचे क्षेत्र वेगवेगळे दाखवावे. त्याशिवाय वाढ कशाची झाली, हे कोणालाच कळत नाही.

२) राज्यवार वृक्षप्रजातींची विविधता प्रत्येक अहवालात नियमाने यावी. वन सर्वेक्षण विभाग आपल्या नमुना-क्षेत्रांत झाडांच्या प्रजाती नोंदवतोच आणि २०१९ च्या अहवालात विविधतेचे असे मूल्यमापन आलेही होते. म्हणजे सामग्री आहे. तिला मथळ्यातील आकड्याशेजारी जागा हवी.

३) गेल्या दोन दशकांतील प्रत्येक दुष्काळी वर्षात त्या त्या प्रदेशाची हिरवाई किती घसरली आणि पूर्ववत होण्यास किती महिने लागले, हे द्यावे. त्यासाठी नवा उपग्रह सोडावा लागत नाही.

उपग्रहाचे निष्कर्ष जमिनीवर पडताळण्यासाठी दीर्घकालीन निरीक्षणक्षेत्रे लागतात. मुदुमलाई येथे भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८८ मध्ये आखलेल्या ५० हेक्टर क्षेत्रात प्रत्येक झाडाची मोजणी दशकानुदशके होत आली आहे. दुष्काळ, वणवा आणि हत्ती यांनंतर कोणते झाड मेले आणि कोणते सावरले, हे अशा नोंदींशिवाय कळणे अशक्य आहे. २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने दीर्घकालीन परिसंस्था-निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. त्याला हवामान खात्यासारखे सातत्य मिळाले पाहिजे. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून पाऊस मोजतो आहे. या वर्षी पर्जन्यमापकाने काय नवीन शोधले, असे त्याला कोणी विचारत नाही. नोंद अखंड ठेवणे हेच त्याचे काम आहे, हे सर्वांना मान्य आहे. वनांच्या नोंदींना मात्र तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर जगावे लागते आणि झाडे शतकांच्या मोजणीत जगतात.

तोवर विद्यार्थ्यांनी अहवालाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नासाच्या 'मोडिस' उपकरणाच्या २००० पासूनच्या हिरवाईच्या नोंदी सर्वांसाठी विनामूल्य खुल्या आहेत. आपल्या जिल्ह्यातील एक नैसर्गिक वन आणि एक लागवड निवडून, दुष्काळी वर्षांतील त्यांचे आलेख शेजारी शेजारी काढणे हे पदवीच्या विद्यार्थ्याला एका सत्रात जमण्यासारखे काम आहे. सरासरी किती, हे त्या आलेखात शेवटी पाहावे. आधी पाहावे ते हे की कोरडे वर्ष आल्यावर कोणती रेघ किती खाली गेली आणि कोणती आधी वर आली.

#जैवविविधता #हवामानबदल #भारतीयवने